गुलाबी कागद

काही वर्षांपूर्वी दसऱ्याच्या दिवशी आईला घेऊन मी यवतमाळच्या एका मोठ्या दागिन्यांच्या दालनात गेले होते. सोयाबीन नुकतेच विकले गेले होते आणि भावाने दिलेल्या पैशांतून तिला कानातले घ्यायचे होते. थंडगार दालन, काचेची टेबले, एकसारखे कपडे घातलेली मुले. त्यांतल्या एकाने हातात भिंग देऊन दागिन्यावरचा हॉलमार्क आणि सहा अंक-अक्षरांचा ओळखक्रमांक मला दाखवला, तो मोबाइलवर कसा पडताळायचा हेही समजावून सांगितले, आणि शेवटी कानातले मखमलीच्या डबीत बसवून ती डबी दोरीच्या पिशवीतून आईच्या हाती दिली. आईने पिशवीत डोकावून पाहिले आणि विचारले, "कागद नाही का जी?" तिला पावती हवी असावी असे मुलाला वाटले. त्याने पावती पुढे केली. आई काही बोलली नाही.

घरी आल्यावर तिने लोखंडी पेटीच्या तळाशी जपून ठेवलेला, घड्यांवर विरत चाललेला एक गुलाबी कागद काढला, डबीतले कानातले त्यात गुंडाळले, चार घड्या घातल्या आणि पुडी पेटीत ठेवून कुलूप लावले. डबी नातीला खेळायला दिली. मी कारण विचारले तेव्हा म्हणाली, "डब्बीत बेन्टेक्स राह्यते, बाई."

तिच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यात डबीतून आलेला प्रत्येक दागिना जत्रेतल्या नाहीतर बसस्टँडजवळच्या बांगडीवाल्याकडचा, म्हणजे खोटाच होता. खरे सोने सराफाच्या गादीवरून गुलाबी कागदाच्या पुडीतच घरी यायचे. त्या कागदावर सोन्याचा पिवळेपणा उठून दिसतो असे सराफ सांगतात, आणि ते खरेही असेल. पण आईच्या मनात कागद आणि सोने यांची गाठ बसली ती रंगशास्त्रामुळे नव्हे. तिच्या लग्नातली पोत त्या कागदात आली होती, माझ्या बारशाच्या मनगट्या त्यात आल्या होत्या, आणि दुष्काळाच्या साली गहाण ठेवायला जे गेले तेही त्याच कागदात गेले होते. दालनाच्या मालकाने डबीवर पैसे खर्च केले ते दागिन्याची किंमत वाढावी म्हणून. आईच्या लेखी त्या डबीने सोन्यावरच संशय आणला.

मला या प्रसंगाचे फार आश्चर्य वाटायला नको होते, कारण मी किराणा दुकानदाराची मुलगी आहे. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात बाबांचे दुकान होते आणि शाळेतून आल्यावर मी गल्ल्यामागच्या पाटावर बसून अभ्यास करीत असे. अभ्यास किती झाला ते सांगता येणार नाही, पण माणसे काय मागतात, कसे मागतात आणि काय मागत नाहीत हे मात्र मी तिथे पाहिले. बाबांचा एक नियम होता, गिऱ्हाइकाला 'काऊन', म्हणजे 'का', असे विचारायचे नाही. एकदा एका काकूंनी नेहमीचा चहा सोडून दुसरा मागितला आणि मी सहज विचारले, "काऊन जी काकू, तो नाही आवडला?" काकू क्षणभर गोंधळल्या, मग म्हणाल्या की त्याला रंग येत नाही. त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "आता तू त्याहीले एक कारण शोधाले लावलं. आता त्या तो चहा जन्मात नेणार नाहीत." खरे कारण बाबांना ठाऊक होते. काकूंच्या विहीणबाई आल्या होत्या आणि विहीणबाईंच्या घरी हा दुसरा चहा होता. पण काकू खोटे बोलत नव्हत्या, हेही त्यांनी मला सांगितले. चहाला रंग येत नाही असे त्यांना त्या घडीला खरोखरच वाटले होते.

दुकानातले कितीतरी व्यवहार अशा न विचारलेल्या 'काऊन'वर चालत. शनिवारी तेल घ्यायचे नाही, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी गळ्याला सुतळी बांधलेल्या बाटल्यांची ओळ लागे. बाबा स्वतः हे मानत नसत, तरी तेलाचे पिंप त्यांनी कधी शनिवारी उतरवून घेतले नाही. दिवेलागणीनंतर सुई आणि मीठ मागायला कोणी येत नसे. एखादे नवखे पोर आलेच, तर "सकाळी ये" म्हणून त्याला परत पाठवले जाई. भवानी झाल्याशिवाय उधारी द्यायची नाही. दुकान 'बंद' करायचे नाही, 'वाढवायचे', जशी बांगडी फुटत नाही, वाढते. ज्या भाषेत दुकान बंद करण्याला वाढवणे म्हणतात, त्या भाषेत वाढलेला माणूस फळीवरच्या वस्तूकडे नुसती वस्तू म्हणून कसा पाहील, असा प्रश्न मला पुढे कॉलेजात अर्थशास्त्र शिकताना पडत असे. पुस्तकातला ग्राहक किंमत आणि उपयुक्तता तोलून निर्णय घ्यायचा. तो आमच्या दुकानात कधी आला नाही.

दिवाळीच्या आधी बाबा मोती साबणाची पेटी आणत. नरकचतुर्दशीच्या पहाटे उटणे आणि त्या गोल, जाड वडीचा वास, याखेरीज दिवाळी सुरू होतच नाही अशी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची समजूत आहे आणि आमचे गाव तिला अपवाद नव्हते. रोज अंगाला स्वस्तातली लाल वडी लावणारा माणूसही त्या दिवसासाठी मोती नेई. पण भाऊबीज उलटली की उरलेल्या वड्या तशाच पडून राहत. साबण तोच, वास तोच, भाव कमी करायचीही बाबांची तयारी. तरीही वैशाखात कोणी त्याकडे बोट दाखवत नसे. एकदा मी उन्हाळ्यात आंघोळीला ती वडी मागितली तेव्हा आईच म्हणाली, "आज का दिवाळी हाये?" आमच्या गावापुरता तरी तो अंग धुण्याचा पदार्थ नव्हता, तो वर्षातल्या एका पहाटेचा वास होता. त्या लाल वडीचेही असेच. तिचा कार्बोलिकचा वास गावाला दवाखान्याची आठवण करून देई. म्हणून रानातून आलेला गडी ती आवडीने नेई आणि पाहुण्यापुढे ठेवायला मात्र कोणी नेत नसे.

या सगळ्यांत मला सर्वांत गुंतागुंतीची वाटते ती वनस्पती तुपाची गोष्ट. 'डालडा' १९३७ साली बाजारात आला आणि पुढे त्याचे नाव त्या पदार्थाचेच नाव होऊन बसले. द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केले की वनस्पती तयार होते; पण नुसते घट्ट होऊन भागणार नव्हते. तूप म्हणजे रवाळ हे आपल्या जिभेला आणि बोटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मेणासारखे गुळगुळीत काही तूप म्हणून कोणी पोळीवर घेतले नसते. म्हणून वनस्पतीलाही रवा आणला गेला. त्या रव्याने पोषणात काडीचाही फरक पडत नव्हता, तो होता बोटांसाठी. तुपात वनस्पतीची भेसळ पकडता यावी म्हणून सरकारने त्यात किमान पाच टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले, कारण तिळाच्या तेलाची आम्लाच्या कसोटीने परीक्षा घेतली की गुलाबी रंग उमटतो. म्हणजे इथेही खऱ्याखोट्याचा निवाडा गुलाबी रंगच करीत होता. आईला हे सांगितले असते तर तिला बरे वाटले असते.

अमेरिकेत लोण्याच्या नकलेची, मार्गारिनची, कथा याच वाटेने गेली. मार्गारिन मुळात पांढरे, आणि लोणी म्हणजे पिवळे अशी तिथल्या लोकांच्या डोळ्यांची सवय. दूधवाल्यांच्या दबावामुळे पिवळ्या मार्गारिनवर जादा कर बसवला गेला, तेव्हा कंपन्यांनी पांढऱ्या मार्गारिनबरोबर रंगाची कुपी द्यायला सुरुवात केली आणि घरोघरच्या बायका तो रंग हाताने मळून मार्गारिन पिवळे करू लागल्या. आपण लोणी खात नाही हे त्या घरात सर्वांना माहीत होते, रंग कुणी कालवला हेही माहीत होते, तरी पोळीला लावताना ते पिवळे हवे होते. तो केंद्रीय कर १९५० साली उठला. विस्कॉन्सिन या दुधदुभत्याच्या राज्यातली बंदी तर १९६७ पर्यंत टिकली.

आमच्याकडे विरोध निराळ्या अंगाने झाला. गांधीजींनी वनस्पतीला उघड विरोध केला होता आणि वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ घाण्याच्या तेलाचा पुरस्कार करीत होता. वर्धा आमच्यापासून फार लांब नाही. तरी आमच्या गावात लग्नाची बुंदी डालड्यातच पडत असे, कारण लग्नघरात पिवळा डबा दिसला की 'खर्च केला' असे लोक म्हणत. जवसाच्या आणि फल्लीच्या, म्हणजे शेंगदाण्याच्या, तेलाला अशी प्रतिष्ठा नव्हती. ते रोजचे, घरचे, वावरातले होते. पुढे त्या डब्याचे काय झाले ते सांगायला थोडा संकोच वाटतो. रिकामा झालेला डबा पहाटे हागणदारीकडे जाताना पाणी न्यायला वापरला जाऊ लागला आणि काही वर्षांत 'डबा घेऊन जाणे' याचा एकच अर्थ उरला. मग कोणी त्या आकाराच्या टिनाच्या डब्यात पीठ किंवा शेवया भरून ठेवायला तयार होईना. आमच्या एका मामींना त्यांच्या सुनेने शहरातून खास स्वयंपाकघरासाठी म्हणून रंगीत टिनाचे डबे आणले होते. मामींनी ते गोठ्यात ठेवले. सुनेला वाईट वाटले, पण मामींना कारण सांगता येईना, आणि जे सांगता आले असते ते सुनेसमोर सांगण्यासारखे नव्हते.

आपण कशामुळे निवडतो हे आपल्यालाच कळत नाही, या बाबांच्या अनुभवाचा पडताळा मला पुढे एका परदेशी प्रयोगात सापडला. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी एका सुपरमार्केटात फ्रेंच आणि जर्मन वाइन शेजारी शेजारी ठेवली, भाव आणि चव शक्य तितकी सारखी राखली, आणि एके दिवशी फ्रेंच तर दुसऱ्या दिवशी जर्मन वळणाचे संगीत लावले. फ्रेंच संगीताच्या दिवशी फ्रेंच बाटल्या जर्मन बाटल्यांच्या पाचपट खपल्या. जर्मन संगीताच्या दिवशी जर्मन बाटल्या दुपटीने खपल्या. हा प्रयोग १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मला त्यातले आकडे तितके महत्त्वाचे वाटले नाहीत. बाहेर पडताना विचारले तेव्हा आपल्या निवडीत संगीताचा काही वाटा असल्याचे बहुतेकांनी मान्य केले नाही, हे वाचताना मात्र मला चहाचा रंग न आवडलेल्या काकू आठवल्या.

तालुक्याच्या कापड दुकानात लगनसराईत दिवसभर सनई लावलेली असते. ती गिऱ्हाइकाचे मन रमावे म्हणून, असे मालक सांगेल. पण वरपक्षाच्या बायका ठरवून आलेल्या रकमेच्या पलीकडे कधी गेल्या हे त्यांना कळत नाही, आणि त्यात त्या सनईचा हात असतो असे मी पैजेवर सांगेन. त्याच दुकानात गादीवर बसलेला विक्रेता मात्र सनई ऐकत नसतो. तो माणसे वाचत असतो. गावाचे नाव, आडनाव, बोलण्याची ढब, कपाळावर काय आहे आणि काय नाही, एवढे पाहून तो पहिली साडी कोणत्या रंगाची उलगडायची ते ठरवतो. नवरीची साडी म्हटली की एका घरासाठी हिरवे आणि पिवळे गठ्ठे खाली येतात. दुसऱ्या घरासाठी तो न विचारता पांढरी साडी उलगडतो, कारण बौद्ध पद्धतीच्या लग्नात वधू पांढरी साडी नेसते. माझ्या आजीला पांढरे लुगडे म्हणजे वैधव्य एवढेच ठाऊक होते. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, आणि त्यानंतर आमच्याच गावाच्या एका टोकाला पांढऱ्याचा अर्थ शुद्धता, नवी सुरुवात, मंगल असा झाला. तेच कापड, तीच गिरणी, तोच भाव. आजी ती साडी हातात धरायला बिचकली असती आणि माझ्या वर्गातली मैत्रीण त्याच साडीत आयुष्यातल्या सर्वांत आनंदाच्या दिवशी सजली.

विक्रेत्याचा हा 'अंदाज' बहुतेक वेळा बरोबर ठरतो, म्हणून तो व्यवहारकुशल समजला जातो. मला त्यात काहीतरी बोचत आले आहे. एकदा एका गिऱ्हाइकाला न मागता जाडेभरडे, स्वस्तातले धोतरजोडे दाखवले गेले आणि त्या गृहस्थाने शांतपणे वरच्या फळीकडे बोट दाखवून "ते दाखवा" म्हटले, तो क्षण मी पाहिला आहे. मनात बसलेल्या खुणा घेणाऱ्याच्याच असतात असे नाही. विकणाऱ्याच्याही असतात, आणि त्या पुष्कळदा जातीच्या असतात.

बिस्किटाच्या पुड्याचे यशही मला याच जागी कळले. आमच्या दुकानात ग्लुकोज बिस्किटे लहान मुलांसाठी खपत, असा माझा समज होता. बाबांनी तो दुरुस्त केला. अर्धे पुडे पाहुण्यांसाठी जात. ज्याच्या घरची भाकर आपण खात नाही त्याच्या घरी बसायचे तर आहे, आणि त्याला आपल्याला काही द्यायचे तर आहे. अशा वेळी बंद पुडा दोघांची अडचण सोडवत असे. यंत्राने केलेले, कागदात बांधलेले, कुणाच्या हाताचे नाही. माझी आजी विहिरीच्या काठावर सोवळेओवळे पाळणारी, पण "पुड्यातलं चालते" असे तिनेच मला सांगितले होते. कंपनीच्या जाहिरातीत ताकद आणि स्वाद यांचे गुणगान असे. गावात तो पुडा ज्या गुणामुळे खपत होता, त्याची जाहिरात कोणी करू धजले नसते. काहींना यात प्रगती दिसेल. मला दिसते ती एवढीच गोष्ट, की आजीला पंगत बदलावी लागली नाही आणि समोरच्या घरच्या बाईला आपल्या हातची भाकर कधी वाढता आली नाही.

एका मालाचे तर नावही दुकानात उच्चारले जात नसे. पॅड मागायला बायका बाबा जेवायला गेले की येत आणि माझ्याशी डोळ्यांनी बोलत. मी ते वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून देत असे. पाहता पाहता काळी पिशवी हीच खूण झाली. गावातल्या प्रत्येक पोराला तिच्यात काय आहे हे कळू लागले आणि एका वहिनींनी मला पांढऱ्या पिशवीत घालून द्यायला सांगितले, म्हणजे कोणाच्या लक्षात येणार नाही.

शेतीचा माल याला अपवाद असेल असे वाटते, कारण तिथे चूक पोटावर येते. पण ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने अनुदानित खते 'भारत' या एकाच नावाने, एकसारख्या गोण्यांतून विकायला सुरुवात केली तेव्हा आमच्या चुलतभावाची जी घालमेल झाली ती मी जवळून पाहिली. कोणत्याही कारखान्याचा असला तरी युरियात नत्र ४६ टक्केच असते आणि डीएपी म्हणजे १८ टक्के नत्र नि ४६ टक्के स्फुरद, हे त्याला तोंडपाठ आहे. तरीही कृषी केंद्रात उभे राहून तो गोणीवरच्या बारीक अक्षरांत आपल्या नेहमीच्या कंपनीचे नाव शोधत होता. मिळाले तेव्हाच त्याच्या जिवाला स्वस्थता आली. डीएपीचा दाणाही त्याला काळसर हवा. फिकट दाण्याची गोणी तो मागे सारतो. दाण्याच्या रंगावरून खताची ताकद ठरत नाही, हे कृषी सहायकाने सांगूनही झाले आहे. माझा आपला एक तर्क आहे. आपल्याकडे गावठाणाच्या जागेला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. काळीत पेरायचे ते काळे असावे, असे त्याच्या मनाच्या तळाशी कुठेतरी बसले असेल. हे मी त्याला बोलून दाखवले नाही. तो हसला असता आणि पुन्हा काळसर दाण्याचीच गोणी उचलली असती.

कपाशीच्या बियाण्याची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती सरळ अंधविश्वासात जमा करणे अन्यायाचे होईल. बीटी कपाशीला भारतात २००२ साली परवानगी मिळाली. आज तिच्या पाकिटाचा कमाल दर सरकार ठरवते, त्यामुळे दुकानात सर्वांचा भाव सारखाच असतो. असे असूनही जूनच्या तोंडावर एकाच नावापुढे रांगा लागतात आणि तेच पाकीट चढ्या भावाने चोरून विकले जाते. वाणावाणांत फरक असतो, हे खरे. पण ज्याच्या वावरात गेल्या वर्षी बोंडे चांगली धरली त्या शेजाऱ्याने कोणते पाकीट आणले होते, एवढीच चौकशी करून निघणारा माणूस बियाण्याबरोबर शेजाऱ्याचे नशीबही विकत आणू पाहतो. कोरडवाहू शेतीत, जिथे पंधरा दिवसांची उघडीप सगळा हिशेब उलटा करते, तिथे त्याला हसायचे धाडस मला होत नाही. गवळाऊ जातीचा बैल घेताना अंगावरचा केसांचा भोवरा कुठे आहे हे बघणारे आजोबा आणि पाकिटावरचे नाव बघणारा नातू यांच्यात मला फारसे अंतर दिसत नाही. आजोबांना निदान बैल चालवून बघता येत होता.

मुहूर्ताचे व्यापारी गणित आता सगळ्यांनाच कळले आहे. पितृपंधरवड्यात ट्रॅक्टरच्या दुकानात माशी फिरकत नाही आणि घटस्थापनेपासून रांग लागते. २०२५ साली जीएसटीचे कमी केलेले दर लागू झाले ते २२ सप्टेंबरला, नेमके घटस्थापनेच्या दिवशी; आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हा कर पंधरा दिवस आधी उतरला असता तरी आमच्या तालुक्यात त्या पंधरवड्यात किती ट्रॅक्टर विकले गेले असते, याची मला शंका आहे. हेही खरे की सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारासच हाती येतो. पंचांग आणि पीक यांची गाठ जुनी आहे आणि त्यात आधी कोण हे आता सांगता येत नाही.

आकड्यांचेही असेच चालते. ४९९ रुपयांची साडी स्वस्त वाटते म्हणून आपण घेतो आणि ती द्यायला जाताना पाकिटात ५०१ घालतो. घ्यायचे ते नवावर संपावे, द्यायचे ते एकावर सुरू राहावे. या दोन हिशेबांत मला स्वतःलाही कधी विसंगती जाणवली नव्हती. हे लिहिताना जाणवली.

मी अर्थशास्त्र शिकवते. मागणीचा वक्र फळ्यावर काढताना 'आवडीनिवडी स्थिर मानून' असे म्हणावे लागते, आणि दर वर्षी ते म्हणताना मला गल्ल्यामागचा पाट आठवतो. एवढे सगळे ठाऊक असूनही माझ्या स्वयंपाकघरात तूप आले की मी दोन बोटांत रवा चोळून पाहते. दिवाळीला मोतीची वडी आणते. घराच्या वास्तुशांतीला मिळालेले काळे भिंतीवरचे घड्याळ कपाटात आहे; ते तिथे का आहे याचे मी घरात दिलेले कारण असे, की त्याची टिकटिक मोठी आहे.

या हिवाळ्यात आईच्या पेटीतला तो कागद अखेर घडीवर फाटला. यवतमाळच्या जुन्या सराफ ओळीत एका लहानशा पेढीवर मी गेले आणि दागिना काहीच न घेता नुसता गुलाबी कागद मागितला. गादीवरच्या वृद्ध गृहस्थांनी चार ताव काढून दिले. मी पैसे पुढे केले तर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "कागदाचे पैसे घेत नसतात, ताई."

गावी गेल्यावर मी ते ताव आईपुढे ठेवले. तिने एक उचलून उजेडात धरला, बोटांनी त्याची कुरकुर ऐकली.

"पैसे देल्ले का?"

"घेतले नाहीत त्यांनी."

तिने कानातले नव्या कागदात बांधले, उरलेले तीन ताव पेटीच्या तळाशी सारखे करून ठेवले आणि कुलूप लावता लावता म्हणाली, "सोनार चांगला हाये. नातीचं मंगळसूत्र त्याच्याकडूनच घेजो."

त्या पेढीवर हॉलमार्कची पाटी होती की नव्हती, हे मी पाहिले नव्हते. आईला 'काऊन' विचारले नाही.